वारावारानं येणारं दूध

आठवणी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा आमची मार्था म्हणाली, "सावधान, विश्राम एवढं लिहा आणि खाली सही करा. पी.टी.च्या मास्तरला आणखी काय सांगायचं असतं?" एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझी शिट्टी कधी मनावर घेतली नाही. पण तिचं अगदीच चूक नव्हतं. हायस्कुलातल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे लोक भलत्याच कामांसाठी बघतात. मिरवणूक निघाली की पुढे मी, झेंडावंदनाला दोरी अडकली की खांबाखाली मी, पाण्याच्या टाकीत बेडूक सापडला तरी मुख्याध्यापक मलाच हाक मारणार. माझा तास दिवसाचा शेवटचा, आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तोही मागून न्यायचे. परत आणून दिल्याचं मला आठवत नाही.

माझ्याकडे सामान म्हणाल तर शिवण उसवलेला एक फुटबॉल, लेझमी, लाकडी डंबेल्स आणि मैदानाच्या कोपऱ्यात एक मल्लखांब. खरं हत्यार म्हणजे डोळे. मुलगा दम कसा घेतो, पळून आल्यावर बोलायला किती वेळ लावतो, वाकताना गुडघ्याचा आधार घेतो का, हे बघत राहायचं. नवीन वर्ग आला की मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना मातीत मांडी घालून बसवायचो आणि सांगायचो, "आता हात न टेकता उठा." तेवढ्यात वर्गाची निम्मी कुंडली कळते. एक हात टेकणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, दोन्ही टेकणाऱ्याची काळजी करायची. काळजी करायला मला एरवीही कारण लागत नाही. मार्था म्हणते, मी प्रार्थनेला गुडघे टेकतो तेही काळजी करायलाच.

राज्य नवीन झालं त्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा काळजी असायची ती हडकुळ्या मुलांची. सदरा काढला की बरगड्या मोजून घ्याव्यात अशी मुलं. मी केडगावचा, आई मिशनच्या स्वयंपाकघरात कामाला. युद्धाच्या टंचाईत वाढलेला असल्यामुळे भुकेशी माझी चांगली ओळख होती. जाड मुलाचीही काळजी करायची असते, हे मला मागाहून शिकावं लागलं. शिक्षकांच्या खोलीत थट्टा व्हायची, "साळवे, तालुक्यात लोकांच्या पोटाला मिळेना, आणि तुम्ही ढेऱ्या कसल्या उतरवताय?" मी हसायचो.

पहिली नोकरी दौंडची. तिथं स्टेशनाजवळच्या एका मिठाईवाल्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. पळायचं नाव काढलं की त्याचे वडील स्वतः मैदानावर हजर व्हायचे आणि "पोटात दुखतंय त्याच्या" असं सांगून जाताना त्याच्याच हातात पेढ्यांचा पुडा देऊन जायचे. मी त्याला फुटबॉलचा लाइन्समन केलं. हातात झेंडा आला, अधिकार आला, आणि चेंडूच्या मागं रेषेवरून पळावंच लागलं. वर्षाच्या शेवटी तो हात न टेकता उठत होता. वडिलांनी मला जिलब्या पाठवल्या. मला वाटलं, आपल्याला हे जमतं. त्या घमेंडीतच मी शिरूरला बदलून आलो, आणि तिथं मला सर्जेराव भेटला.

सर्जेराव न्हावऱ्याच्या बाजूचा, दहावीत, शाळेच्या बोर्डिंगात राहायला आलेला. पहिल्या दिवशी मातीतून उठताना त्यानं दोन्ही हात टेकले, ते पुरेनात म्हणून शेजारच्याचा खांदा धरला, आणि दोघंही पडले. वर्ग हसला. तोही हसला. पण बसल्यावर त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजावी तसा आवाज येत राहिला. माझ्या गळ्यात शिट्टी असते, त्यामुळे तो आवाज मला फार चमत्कारिक वाटला.

हा मुलगा पैलवान होता. आदल्या वर्षीपर्यंत आसपासच्या जत्रांमधून त्यानं बरेच नारळ जिंकले होते. मग एका कुस्तीत खांदा निखळला. वस्तादांनी सांगितलं, वर्षभर आखाड्यात पाय ठेवायचा नाही. तालीम बंद झाली, जोर-बैठका बंद झाल्या, पळणं बंद झालं. खुराक मात्र चालूच राहिला.

आणि हा खुराक घरचा नव्हता, वस्तीचा होता. पूर्वी गरीब विद्यार्थ्याला जसे वार लावून जेवायला घालत, तसे त्यांच्या वस्तीनं आपल्या पैलवानाला दुधाचे वार लावले होते. आज या घरचं दूध, उद्या त्या घरचं. ज्याच्या दारात म्हैस तो म्हशीचं देणार, ज्याच्या दारात शेळी तो शेळीचं. पोरगं शिरूरला शिकायला गेलं म्हणून वार थोडेच चुकवायचे? सकाळच्या एस.टी.नं दुधाची किटली यायची. झाकणावर ज्या त्या घरचं फडकं बांधलेलं असायचं, आणि फडकं बघूनच सर्जेराव सांगायचा की आज दूध कुणाचं. सोबत आबांकडून तुपाचा डबा आणि बदाम. आबा म्हणजे त्याचे वडील, वस्तीतले मोठे बागायतदार. सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा.

"दूध कमी कर," मी त्याला सांगितलं.

"कसं करू सर? आज कोंडामावशीचा वार हाय," तो हातातलं हिरव्या लुगड्याचं फडकं दाखवत म्हणाला. "तिची एकच शेळी. तिची नातवंडं कोरा च्या पित्यात. आन् मी परत धाडू?"

"बरं, पण भूक तरी लागते का तुला?"

त्यानं जरा विचार केला. "म्हंजी कशी सर? वार आला की पितो."

भूक कशी असते हे मला माहीत होतं, पण ज्याला ती कधी लागू दिलीच नाही त्याला ती कशी समजावून सांगायची, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्याच्या सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. गळा आणि हनुवटी यांत फरक उरला नाही. वर्गशिक्षक कौतुकानं म्हणायचे, "काय तब्येत आहे!" त्या काळी तब्येत हा शब्द जाड माणसासाठीच वापरत. मग शाळेच्या वार्षिक खेळांची तयारी सुरू झाली. रस्सीखेचेच्या संघाला शेवटचा गडी म्हणून तोच हवा होता. दोर कमरेला गुंडाळून नुसतं उभं राहायचं, पळायचं नाही, म्हणून मीही हो म्हटलं. पहिल्याच ओढीत तो खाली बसला. ओठ काळेनिळे पडले, डोळे वर गेले. मी त्याच्या तोंडावर पाणी मारत होतो, त्यातलं निम्मं माझ्याच अंगावर सांडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एस.टी.त घालून दौंडला माझ्या जुन्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावली, रक्तदाब बघितला, त्याला दहा पावलं चालवून पुन्हा नळी लावली. मग त्याला बाहेर बसवून मला म्हणाले, "साळवे, या वयात एवढा रक्तदाब मी पाहिलेला नाही. हृदयावर फार ताण आहे. हळूहळू चालवा, खाणं उतरवा. पण उन्हातान्हात झटापट करायला लावलंत तर मी जबाबदार नाही."

परतीच्या गाडीत मी त्याला धीर देत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "पर सर, चैत्रात आमच्या जत्रंला माझी कुस्ती लावलीय. नदीपल्याडच्या पैलवानासंगं. वरीस भरतंय ना आता."

त्या क्षणापासून जत्रेपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. चैत्राचं ऊन, तापलेली माती, त्यावर हे पोरगं, आणि भोवती ओरडणारं गाव. तो हरेल याची मला भीती नव्हती. तो तिथंच मरेल याची होती.

रविवारी चर्च आटोपून मी न्हावऱ्याला गेलो. आबांनी बसायला घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. उन्हानं रापलेला सडसडीत माणूस. मी बोलायचा थांबल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, पोरानं अंग धरलंय म्हून तुम्ही घाबरला. पैलवानानं अंग धरायचं न्हाई तर कुणी धरायचं? तुम्ही डिरील घेता, चांगलं घेता. ह्यो कुस्तीचा मामला हाय."

"आबा, डॉक्टर म्हणाले—"

"डाक्टर रेल्वेच्या गावातला. त्याला काय ठावं? आन् आता शब्द गेलाय. वर्गणी झाली, पल्याडच्या गावाला सुपारी गेली. गावाचा शब्द मी एकटा कसा माघारी घिऊ?"

त्यांनी मला गाडीपर्यंत सोडायला माणूस दिला आणि बरोबर वांग्यांची पिशवी. एवढ्या अदबीनं मला कुणी कधी हाकलून दिलं नव्हतं.

मग मी माझ्या परीनं मार्ग काढला. दूध परत पाठवता येत नव्हतं, पण ते एकट्यानंच प्यावं असं कुठं होतं? बोर्डिंगात बरगड्यावाली मुलं भरपूर होती. सर्जेराव आधी तयार होईना. पैलवानाच्या खुराकात दुसऱ्याचा घास गेला की दृष्ट लागते, अशी त्यांच्याकडे समजूत. शेवटी तो म्हणाला, "पयला तांब्या मी पिणार. वार ज्याचा त्याचा मान ऱ्हायला पायजे. मागचं तुम्ही वाटा." ठरलं. सकाळी मी त्याला घोड नदीच्या काठानं चालवायला नेऊ लागलो. आधी चालणं, मग जरा भरभर चालणं. छातीतली शिट्टी उशिरा वाजू लागली. इकडे बोर्डिंगातली मुलं रांगेत पेले घेऊन उभी राहायची आणि ओठांवर दुधाच्या मिशा घेऊन वर्गात यायची. महिन्या-दोन महिन्यांत सर्जेरावचं वरचं बटण लागायला लागलं. मी मार्थाला म्हटलं, जमतंय बहुतेक.

होळीला तो घरी गेला आणि सगळं मुसळ केरात गेलं. वस्तीनं त्याला बघितलं आणि एकच गिल्ला झाला. पोरगं वाळलं! जत्रा तोंडावर आणि पैलवान सुकला! बायांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आणि पंचांनी ठरवलं, आता एका वाराला दोन घरं. होळीनंतर एस.टी.तून दोन किटल्या उतरू लागल्या. दोन फडकी, दोन मान, म्हणून दोन तांबे. मी रागावलो की तो मान खाली घालायचा आणि प्यायचा. बटण पुन्हा लागेनासं झालं.

जत्रेला आठवडा उरला असताना एका सकाळी किटल्यांबरोबर आबा स्वतःच गाडीतून उतरले. बोर्डिंगच्या अंगणात मुलं पेले घेऊन रांगेत उभी होती आणि मी पळीनं दूध वाढत होतो. आबा दारातच थांबले.

"ह्ये दूध कुणाचं, मास्तर?"

"तुमच्या वस्तीचं."

"आन् पितंय कोण?" त्यांनी आवाज न चढवता हातातल्या काठीचं टोक रांगेकडं रोखलं. "आमच्या बाया लेकरांच्या तोंडचं काढून ह्ये धाडत्यात. तुम्ही गावजेवण घातलं त्याचं? कुणाला इचारलं?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. मला तुमचा मुलगा जिवंत पाहिजे होता."

मुलं पेले लपवायला लागली. मला सुचलं ते आयुष्यभर करत आलो तेच. मी म्हटलं, "आबा, माझं एक ऐका. इथं मातीत मांडी घालून बसा." ते माझ्याकडे बघतच राहिले. पण बसले. "आता हात न टेकता उठा." आबांनी काठी बाजूला ठेवली आणि सहज उभे राहिले. साठीच्या पुढचा माणूस, पण सगळा जन्म रानात गेलेला.

"सर्जेराव, आता तू बस."

तो बसला. उठायचा प्रयत्न केला आणि मागे पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो कुशीवर कलंडला आणि तसाच राहिला. कुणी हसलं नाही. अंगणात त्याच्या छातीतली शिट्टी वाजत होती. आबा वाकले, कान देऊन ऐकत राहिले.

"ह्ये कवापास्नं?" त्यांनी मला विचारलं.

"बैठका थांबल्या आणि दूध थांबलं नाही, तेव्हापासून."

आबा म्हणाले, "औत नसलं तर बैलाची पेंड आम्ही कमी करतो. गोठ्यातल्या जनावराचं कळतं, आन् ह्येचं कळलं न्हाई मला." त्यांनी मुलाला काखेत हात घालून उठवलं. पण कुस्तीचं मी विचारलं तेव्हा काठी उचलून चालू लागले. आलेल्या गाडीनंच परत गेले.

जत्रेला मी गेलो. मार्थानं पिशवीत ओला टॉवेल आणि पाण्याची बाटली घालून दिली होती. ती आखाड्यात नेऊन काय करणार होतो देव जाणे. ऊन कलतं झालं होतं तरी माती तापलेलीच होती. हलगी वाजायला लागली. नदीपलीकडचा पैलवान शड्डू ठोकत फिरला. मग पुकारा झाला आणि सर्जेराव उठला. त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता. मी गर्दीतून पुढं सरकलो.

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः आखाड्यात गेले. वाकून माती कपाळाला लावली. नदीपलीकडच्या पैलवानाचा हात धरून वर केला. हलगी थांबली.

"आमचं पोरगं आजारी हाय," आबा म्हणाले. "आमची हार."

आधी कुणाला समजलंच नाही. मग एकदम हुर्यो उडाली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग वरीसभर दूध कशापायी पाजलं?"

"म्या पाजलं," आबा म्हणाले. "पोराचा दोष न्हाई." आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून त्या पैलवानाला बांधला.

घरी जाताना त्यांच्याबरोबर चालायला कुणी आलं नाही. त्या वर्षी सोसायटीत त्यांचा शब्द चालला नाही, आणि पुढंही बरीच वर्षं जत्रेच्या मानाच्या पहिल्या नारळाला त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. याची रुखरुख मला अजून आहे. मला मुलगा वाचवायचा होता, त्याची किंमत त्यांनी मोजली. भेटले की मात्र न चुकता विचारायचे, "मास्तर, बरं हाय न्हवं?"

त्याच संध्याकाळी सर्जेराव माझ्याबरोबर शिरूरला परतला. वाटेत एकदाच बोलला, "उद्यापास्नं गाडीला दूध येणार न्हाई सर. पोरांस्नी काय सांगू?" बोर्डिंगात पोचल्यावर तो न जेवताच झोपला. दुसऱ्या सकाळी मी स्टँडवर गेलो तर तो आधीच उभा होता.

गाडी आली. नेहमीच्या कंडक्टरनं सामान उतरवलं, माणसं उतरवली. किटली नव्हती. आम्ही वळणार तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "अहो सर, थांबा की! सांडंल म्हून डायवरजवळ ठेवलीय." एकच लहान किटली, झाकणावर हिरव्या लुगड्याचं फडकं. "म्हातारी म्हणली, माझा वार हाय, मी चुकवत न्हाई. पर एकट्याला न्हाई, समद्या पोरांस्नी द्या म्हणली."

शेळीचं दूध ते, किती पुरणार? सर्जेरावनं स्वतः वाढलं. प्रत्येकाच्या पेल्यात दोन-दोन घोट आले. त्याचा पेला यायच्या आधी किटली रिकामी झाली. तो पायरीवर येऊन बसला, आणि थोड्या वेळानं त्यानं पोटावर हात दाबून धरला.

"सर, मला कायतरी व्हतंय."

मी त्याची नाडी धरली, छातीला कान लावला. "कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाई. पर आत कुणीतरी वढल्यावानी व्हतंय. खड्डा पडल्यावानी. आन् भाकरीचा वास येतोय सारखा."

मी त्याची नाडी सोडली. हसावं की रडावं कळेना. थोडं दोन्ही झालं.

"अरे वेड्या," मी म्हटलं, "भूक म्हणतात तिला."

मी माझ्या डब्यातली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती सावकाश चावून खाल्ली, अर्ध्यावर थांबला, जरा वेळ स्वतःच्या पोटाकडं लक्ष देऊन बसला.

"गेली सर," तो म्हणाला, आणि उरलेली अर्धी भाकरी त्यानं मला परत दिली.